जमिनीच्या लढ्यात दारूची मडकी का फुटली?

प्रश्न : माझं माहेर शहादा तालुक्यातलं. आजी सांगायची, की तिच्या तरुणपणी बायका टोळीनं गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडायच्या. पुस्तकात वाचलं तर तो लढा जमिनीचा आणि मजुरीचा. मग जमिनीच्या भांडणात दारू कुठून शिरली? आणि आमच्या गावातलं दुकान आज बंद करायचं झालं, तर काही रीतसर मार्ग आहे का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, आजीचंही खरं आणि पुस्तकाचंही. फक्त पुस्तकं लिहिणाऱ्यांनी जमिनीला पानं दिली आणि मडक्यांना परिच्छेद. तुमच्या प्रश्नामुळे ते उलटं करायची संधी मिळते आहे.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. तापीकाठची काळी जमीन कधीकाळी बरीचशी भिल्लांच्या वहिवाटीत होती. कर्ज, गहाण, न वाचता उठवलेला अंगठा अशा वाटांनी ती हातची गेली आणि भिल्ल आपल्याच जुन्या शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, झाला. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला, तेव्हा या भागाकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातले सर्वोदयी कार्यकर्ते आधीपासून गावं जागी करतच होते. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. पुण्या-मुंबईकडची शिकलेली पोरं येऊन मिळाली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बड्या शेतकऱ्यांनीही पीक संरक्षणाच्या नावाखाली राखणदारांची फौज ठेवली. वरून ७२ चा दुष्काळ. हा झाला पुस्तकातला लढा.

आता दारूकडे येऊ. खानदेशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. आखाजीला ठरतं, उचल मिळते, आणि ती फेडता फेडता पुढची आखाजी येते. करार गड्याशी, पण त्याच्यासोबत त्याची बायको न बोलता कामाला जुंपलेली : मालकाच्या गोठ्यातलं शेण काढायचं, अंगण झाडायचं, हाक आली की हातातलं टाकून जायचं. तिची मजुरी म्हणजे उरलीसुरली भाकरी. निंदणीला आणि कापूस वेचायला जायची ती वेगळी, आणि तिथंही रोज पुरुषापेक्षा कमी. अशा घरात रोख पैसा दिसायचा तो बाजाराच्या दिवशी. बाजाराच्या वाटेवर गुत्ता. उचल वाढते कशी आणि अंगठा उठतो कशावर, याचं उत्तर त्या गुत्त्यात होतं. सावकाराला दारूची सोय होती, हे समजायला बाईला अर्थशास्त्र लागत नव्हतं. तिनं ते चुलीजवळ बसून पाहिलं होतं.

संघटनेची शिबिरं भरायची ती आधी मुख्यतः पुरुषांची. जमीन, मजुरी, कायदा हे विषय. १९७३ च्या सुमारास बायकांचं वेगळं शिबिर झालं आणि तिथं बोलणं वेगळ्याच दिशेला गेलं. बायका मजुरीवर बोलल्या, पण लगेच घरातल्या मारावर आल्या. नवरा पिऊन येतो, कमाई उधळतो, हात टाकतो. एकीनं सांगितलं की दुसरीला कंठ फुटायचा. मग ठराबिराच्या भानगडीत न पडता त्या उठल्या, शेजारच्या गुत्त्यावर गेल्या आणि मडकी फोडून आल्या. पुढं त्याची लाटच झाली. एका गावच्या बायका दुसऱ्या गावच्या बायकांना बोलवायच्या, कारण आपल्याच गावात, आपल्याच दिराच्या भट्टीवर हात टाकणं अवघड. परगावची टोळी आली की काम सोपं. मारकुट्या नवऱ्याला चारचौघांत उभं करून कबुली द्यायला लावायची, हेही तेव्हाच सुरू झालं. जर्मन अभ्यासक मारिया मीस आणि आपल्या गेल ऑम्वेट यांनी शहाद्याच्या या बायकांबद्दल लिहिलं, म्हणून निदान एवढं तरी कागदावर आहे.

माझ्या मते या लढ्यातली खरी नवी गोष्ट हीच. जमिनीची मागणी इतरत्रही झाली होती. मालकाचा मार आणि नवऱ्याचा मार एकाच दमात सांगण्याचं काम या निरक्षर बायकांनी केलं. संघटनेतल्या काही पुरुषांना ते विषयांतर वाटलं असणार. आजही कुठल्याही मोर्चात बाईनं घरचं काढलं की 'ते नंतर पाहू' असं म्हणणारा एकजण असतोच.

एक गोम मात्र ध्यानात घ्या. मोहाची दारू ही भिल्ल-पावरा समाजात देवाला चढणारी, लग्नात आणि मयतीत लागणारी वस्तू, आणि बऱ्याच घरी ती बाईच गाळायची. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही ही घरची भट्टी गुन्हा राहिली आणि पोलिसाला हप्त्याची वाट मिळाली. तेव्हा बायकांनी मडकी फोडली ती मोहाच्या फुलावर राग धरून नव्हे. काळ्या गुळाची, नवसागराची, धंद्याची दारू ती. आणि दारू सोडण्याची हाकही या भागाला नवी नव्हती. १९३८ मध्ये तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांच्या सांगण्यावरून हजारो भिल्लांनी दारू सोडली होती. ती हाक मात्र महाराजांच्या शब्दावर उठलेली, भक्तीची. ७३ ची बाई स्वतःच्या अंगावरचे वळ दाखवून उठली.

मग त्यांना मिळालं काय? मजुरी वाढली, वेठ कमी झाली, काही जमिनी परत आल्या. १९७४ च्या कायद्यानं १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेली आदिवासींची जमीन परत करण्याची तरतूद झाली. जमीन परत आली ती सातबाऱ्यावर पुरुषाच्या नावानं. मोर्चात पुढं बाई, कारण पोलीस तिच्यावर काठी उगारायला जरा कचरतो, आणि तलाठ्यापुढं बाप्या. वाहरू सोनवणे हे याच लढ्यातले कार्यकर्ते आणि कवी. 'स्टेज' या कवितेत त्यांनी आदिवासींच्या वतीनं विचारलं, की व्यासपीठ नेमकं कुणाचं? तोच सवाल भिल्ल बाई भिल्ल पुरुषाला विचारू शकली असती, आणि तिला कुणालाही गैर म्हणता आलं नसतं.

आदिवासी बाई मोकळी, तिला नवरा सोडता येतो, हुंड्याऐवजी उलट देज, म्हणजे वधूमूल्य, मिळतं, असं कौतुकानं सांगितलं जातं. खरंच आहे. पण देज मिळतं बापाला, आणि बाईनं घर सोडलं तर ते परत फेडावं लागतं. विधवेच्या वाट्याच्या शेतावर कुणाचा डोळा असला, की तिला डाकीण ठरवणं सातपुड्यात नवं नाही. तिथं जमिनीचा तंटा आणि बाईचं मरण एकाच गाठीत येतं. वारसाहक्काची तर कथाच वेगळी. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. २००५ ला मुलींना समान हक्क आले, त्याच्याही बाहेर आदिवासी मुलगी राहिली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात बाईला समान वाटा दिला, तो समानतेच्या तत्त्वावर. त्या मानानं २००६ चा वनहक्क कायदा शहाणा निघाला. त्यात विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याचं लिहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकसंघर्ष मोर्चा या संघटनेच्या प्रतिभा शिंदे यांच्या पुढाकारानं खानदेशातले आदिवासी ठाण्याहून मुंबईत आझाद मैदानावर चालत गेले, तेव्हाच्या मागण्यांत वनपट्टे होतेच, आणि चालणाऱ्यांत बायकाही पुष्कळ.

मडकी फोडणाऱ्या या बायकांची नावं इतिहासात का राहत नाहीत, हे सांगायला थोडं मागं जातो. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यातल्या अंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली. खाज्या नाईक, भीमा नाईक ही नावं आज पोराटोरांना ठाऊक आहेत. तिथं शेकडो भिल्ल बायका कैद झाल्या, त्यांची फक्त मोजदाद झाली. १९४२ ला अमळनेर भागातल्या लीलाताई पाटील भूमिगत चळवळीत उतरल्या, त्यांचं नाव राहिलं. त्या शिकलेल्या होत्या, त्यांच्याभोवती लिहिणारी माणसं होती. तुमच्या आजीच्या टोळीत लिहिणारं कुणी नव्हतं. आजी असतील तर वही-पेन घेऊन बसा. टोळीत कोण होतं, कुठल्या गावाहून कुठं गेल्या, एवढं जरी उतरवलंत तरी मोठं काम होईल.

आता दुसरा प्रश्न. मार्ग आहे. परवानाधारक दुकान असेल तर 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान. २५ मार्च २००८ च्या शासन निर्णयानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के बायकांनी सह्यांनिशी राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे मागणी करायची, मग सह्यांची पडताळणी आणि गुप्त मतदान. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याला, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. एकूण हा शब्द नीट वाचा. मतदानाला जी आली नाही तिचं मत दुकानदाराच्या खात्यात जमा. बऱ्याच गावांचे ठराव इथंच पडतात, कारण दारूचा सगळ्यात जास्त जाच असलेल्या बायका दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेल्या असतात. म्हणून तारीख मागताना पट्टा पडल्यावरची, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या परतल्यावरची मागा आणि तसं अर्जातच लिहा. मतदार यादीतली मयत आणि लग्न होऊन गेलेली नावं आधी कमी करून घ्या. नाहीतर तीही उभ्या बाटलीलाच जातात.

हातभट्टी असेल तर मतदान कशावर घेणार? तिला ना पाटी, ना परवाना. तिथं दारूबंदी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं आलेलं ग्रामरक्षक दल ग्रामसभेत मागून घ्या आणि त्यात बायकांची नावं आग्रहानं घाला. दलानं कळवलं की पोलिसांना आणि उत्पादन शुल्कवाल्यांना दखल घ्यावी लागते. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोचेवर शिक्का घ्या.