बांधून ठेवायचे की जवळ बसायचे?



कुणाचे हृदयाचे ऑपरेशन झाले, कुणाचा पाय मोडला, की मिस्सानंतर देवळाच्या आवारात आपण आवर्जून चौकशी करतो. फळे घेऊन भेटायला जातो. पण एखाद्याला मनाचा आजार झाला की आपला आवाज खाली येतो. घरचे 'तो गावाला गेलाय' असे सांगतात आणि आपणही पुढे विचारत नाही.

२०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले, म्हणजे साधारण दहांत एक. देवळात एका बाकावर आपण जवळजवळ तेवढेच बसतो. म्हणून आज मनोरुग्णांच्या शुश्रूषेतील एक महत्त्वाचा प्रश्न समजून घेऊ या.

एरवाडीची पहाट

६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी निवासाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जणांचा जीव गेला. त्यांना तेथे शत्रूंनी नेले नव्हते. घरच्यांनीच, बरे होतील या आशेने, तेथे ठेवले होते. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधता येत नाही, एकांतकोठडीत ठेवता येत नाही आणि भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत. रुग्णाकडून त्याला स्वतःला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा मार्गच नसेल, तरच त्याला थोडा वेळ जखडता येते. तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून कधीच नाही.

पण कायदा कागदावर असतो आणि रात्रपाळीला वॉर्डात असते ती परिचारिका. रुग्ण खवळला, तिच्या अंगावर धावून आला, तर तिने काय करावे? तिलाही मार लागतो, तिलाही भीती वाटते. हाताखाली माणसे कमी असली की दोरीच सोपी वाटते. तिला दोष देणे सोपे आहे. तिला दुसरा मार्ग दाखवणे अवघड.

संशोधनाने दाखवलेला मार्ग

इंग्लंडमध्ये लेन बाउअर्स या मनोरुग्ण परिचर्येच्या प्राध्यापकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मार्ग शोधला. त्याचे नाव 'सेफवॉर्ड्स'. वॉर्डात भांडण नेमके कशामुळे पेटते, हे त्यांनी आधी पाहिले. घरून वाईट बातमी येते, सुट्टी नाकारली जाते, कुणी तुटकपणे 'नाही' म्हणते आणि ठिणगी पडते.

मग त्यांनी दहा साधे उपाय ठरवले. परिचारिकेने नकार द्यायचा झाला तर सौम्य शब्दांत, कारण सांगून द्यावा. वाईट बातमी येणार असेल तर आधीच रुग्णाजवळ जाऊन बसावे. परिचारिका व रुग्ण यांनी आपल्या आवडीनिवडी एकमेकांना सांगाव्यात. बरा होऊन घरी जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी आशेचा निरोप लिहून ठेवावा.

१५ रुग्णालयांतील ३१ वॉर्डांत याची चाचणी झाली व निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. हे उपाय केलेल्या वॉर्डांत भांडणतंट्याचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी घटले आणि जखडणे, कोंडणे, जबरदस्तीने औषध देणे असे प्रकार सुमारे २६ टक्क्यांनी घटले. औषधे लागतातच. पण बोलण्याची पद्धत बदलल्यानेही एवढा फरक पडतो, हे यातून कळते.

आपल्या घरी

घरालाही हेच लागू पडते. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण बरे होऊन घरी परततात तेव्हा ज्या घरात सतत टोमणे, राग किंवा अति काळजी असते, तेथे आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण जास्त असते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. याचा अर्थ आजार घरच्यांमुळे झाला, असा नाही. वर्षानुवर्षे रात्री जागणारी आई थकते आणि थकलेल्या माणसाच्या तोंडून कडू शब्द निघतो. म्हणून त्या आईलाही आधार हवा.

बेल्जियममधील गील गावाने असा आधार दिला आहे. संत डिम्फना हिच्या देवळाकडे मनोरुग्ण यात्रेकरू येत. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. मध्ययुगात सुरू झालेली ही प्रथा, आता रुग्णालयाच्या देखरेखीखाली, अजून चालू आहे. रुग्ण त्या घरी जेवतो आणि जमेल ते काम करतो.

आपल्याला एवढे जमणार नाही कदाचित. पण आजारी माणसाजवळ तासभर बसून त्याच्या आईला बाजारात जाऊ देणे जमेल. दर रविवारी त्याचे नाव घेऊन विचारणे जमेल. आणि मदत हवी असेल तर सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या ओळखीच्या कोणत्या घरी आपण हल्ली चौकशी करणे टाळतो?

२. घरातील आजारी माणसाला 'नाही' म्हणताना आपण कारण सांगतो का?

३. या आठवड्यात कुणाला तासभर विसावा देऊ शकू?