बटर फ्रूट : नाव लोण्याचे, गुण तेलाचे

बेळगावच्या बाजारात ज्यास 'बटर फ्रूट' म्हणतात आणि आपले कन्नड शेजारी 'बेण्णे हण्णु' म्हणतात, तेच अव्होकाडो. या फळाविषयीची माझी पहिली आठवण स्वतःच्या चुकीची आहे. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एका मातेने बाळाची तपासणी आटोपल्यावर सहज विचारले, "डॉक्टर, सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे. हे फळ दिलं तर चालेल का हो?" मी नावावरूनच निकाल दिला, "लोण्यासारखं आहे ते, नको." फळात कोलेस्टेरॉल नसते हे प्रथम वर्षी शिकलेले ज्ञान त्या क्षणी कामी आले नाही.

हे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. दालचिनी व तमालपत्र यांच्याच कुळातील हा वृक्ष विसाव्या शतकाच्या सुरुवातीस श्रीलंकेमार्गे भारतात आला. आज कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत, वायनाडात आणि निलगिरीच्या उतारांवर तो चांगला रुजला आहे. तेव्हा निदान आपल्या भागात तरी त्यास परदेशी म्हणण्याचे कारण नाही.

१०० ग्रॅम गरातून सुमारे १६० कॅलरी मिळतात. त्यात स्निग्धांश सुमारे १५ ग्रॅम, पैकी १० ग्रॅमच्या आसपास एक-असंपृक्त, म्हणजे ऑलिव्ह तेलात मुख्यत्वे असतो त्या जातीचा. संपृक्त स्नेह केवळ दोन ग्रॅम. लोण्यातील स्नेहाचा निम्म्याहून अधिक भाग संपृक्त असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे नावाने केलेली फसवणूक उघड होते. याखेरीज तंतुमय पदार्थ सहा ते सात ग्रॅम, पोटॅशियम केळ्याहून अधिक (सुमारे ४८५ मिलिग्रॅम), फोलेट ८० मायक्रोग्रॅम आणि साखर एक ग्रॅमहूनही कमी. इतकी अल्प शर्करा असलेले फळ विरळाच.

मात्र आज लंबक दुसऱ्या टोकास गेला आहे. गतवर्षी आठ महिन्यांचे एक बालक माझ्याकडे आले. वजन उत्तम, गाल भरलेले, पण तळहात पांढरे. हिमोग्लोबिन ७.८. सुशिक्षित, दक्ष अशा त्या मातेने आजीची नाचणी, डाळीचे पाणी आटवून केलेले वरण, सारे बंद करून दोन्ही वेळा अव्होकाडोचा गर सुरू केला होता. मोबाइलवर त्यास 'बाळाचे परिपूर्ण अन्न' म्हटलेले तिने वाचले होते. आता हिशेब पाहावा. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान घेणाऱ्या बाळास वरच्या अन्नातून दिवसाकाठी साधारण २०० कॅलरी लागतात. १०० ग्रॅम गराने त्यातील १६० भरल्या, चिमुकले पोट तुडुंब झाले आणि लोह मिळाले जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा नेमका याच वयात सरत येतो. दोष मातेचा मी मानत नाही. तिला कोणी हिशेब सांगितला नव्हता, एवढेच. लोहाचे औषध आणि आजीचे वरण यांनी तीन महिन्यांत काम केले.

म्हणजे बाळास हे फळ देऊ नये काय? अवश्य द्यावे. सहा महिने पूर्ण झाल्यावर, एक-दोन चमचे गर घोटून, पातळ नाचणीच्या पेजेत किंवा मऊ वरणभातात मिसळून द्यावा. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आहारातील स्निग्धांश तोडू नये, हे आपण जाणताच. थोडक्या घासात अधिक ऊर्जा पोहोचविण्यास हा गर उत्तम. त्यात साखर नको, आणि वर्षाच्या आत मध तर नकोच.

प्रौढांचे गणित निराळे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५ व्यक्तींवरील अमेरिकन प्रयोगात, मोजून दिलेल्या आहारातील अन्य स्नेहाऐवजी रोज एक अव्होकाडो दिले असता एलडीएल सुमारे १३ मिलिग्रॅमने उतरले. उलट २०२२ च्या, हजारभर स्थूल व्यक्तींच्या सहा महिन्यांच्या चाचणीत नेहमीच्याच आहारात रोज एक फळ वाढविले. वजन वाढले नाही. परंतु पोटातील चरबीही घटली नाही, आणि एलडीएल नाममात्रच कमी झाले. लोणी, वनस्पती तूप यांच्या जागी हे फळ आले तर लाभ. त्यांच्या जोडीस आले तर फारसा नाही. आणि ज्यांस ते परवडत नाही त्यांनी मुळीच खंत करू नये. शेंगदाण्याच्या तेलातही याच जातीचा स्नेह निम्म्याच्या आसपास असतो. आपली शेंगदाण्याची चटणी काही हलक्या कुळातील नव्हे!

मूत्रपिंड विकारात पोटॅशियममुळे सावधगिरी हवी. रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांस, म्हणजे आपल्यातील काही शल्यविशारदांसही, केळे व किवीप्रमाणे हे फळ बाधू शकते.

आता खाण्याविषयी. हे फळ झाडावर पिकत नाही, उतरविल्यावर पिकते. कडक असल्यास केळ्यांसोबत कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवावे. 'हास' जातीचे फळ पिकताना काळवंडते. कोडगूचे बहुतेक हिरवेच राहते, म्हणून रंगावर न जाता देठाजवळ हलके दाबून पाहावे. फार शिजविल्यास गर कडवट होतो. ज्यूस सेंटरमधील बटर फ्रूट मिल्कशेक रुचकर खरा, पण त्यातील तीन-चार चमचे साखर फळाचा मोठा गुणच घालविते.

आमच्या घरी त्याची कोशिंबीर होते: बारीक कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, आणि शेवटी ठेचलेला गर. टोमॅटो आणि गाजर यांतील रंगद्रव्ये स्नेहासोबत कितीतरी पटींनी अधिक शोषली जातात, हे २००५ च्या एका अभ्यासात याच फळाच्या साहाय्याने दिसून आले आहे. लिंबू सढळ हाताने पिळावे, म्हणजे गर काळा पडत नाही. सोबत गरम ज्वारीची भाकरी. त्या दिवशी भाकरीवर लोणी मात्र मागू नये. आमच्याकडे ते मिळतही नाही.