नाशिकचे द्राक्षखोरे आणि कर्जदाराचा करारनामा

बेंगळूरुच्या शिवाजीनगर भागात आमच्या शाखेपासून रसेल मार्केट हाकेच्या अंतरावर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे दोन प्रकारची द्राक्षे शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एक उत्तरेकडून आलेली हिरवी, लांबट, बिनबियांची. दुसरी येथलीच काळसर-जांभळी, जाड सालीची ‘बेंगळूर ब्ल्यू’. प्रस्तुत लेखक मूळचा नाशिक जिल्ह्यातील असल्याने पहिलीकडे मन ओढ घेते हे खरे. परंतु कर्जाच्या दृष्टीने विचार केला तर दुसरीकडून शिकण्यासारखे अधिक आहे.

त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक शहर ओलांडून निफाड तालुक्यात येते आणि नांदूरमध्यमेश्वर येथे तिला कादवा मिळते. या दोन नद्यांचे खोरे म्हणजे दिंडोरी-निफाडचा द्राक्षपट्टा. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची, हिवाळ्यातील थंड रात्री, कोरडी हवा आणि 1965 साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणासारख्या प्रकल्पांचे पाणी यांमुळे येथे द्राक्षे रुजली. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून शेतकरी तिला एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी देऊन शिस्त लावतो आणि जानेवारी ते मार्च या काळात माल घेतो.

खाण्याच्या द्राक्षांचा हा जिल्हा वाइनकडे वळला तो 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात. सुला कंपनीने गंगापूर धरणाच्या परिसरात लागवड केली व 2000 साली तिची वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून सवलती दिल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. पाहता पाहता शेनिन ब्लांक, शिराझ, कॅबरने ही परकी नावे गावच्या पारावर ऐकू येऊ लागली. (शिराझचा उच्चार आमच्या गावात अजूनही ‘शिराज’ असाच होतो.)

आता मुद्द्याची गोष्ट. खाण्याच्या द्राक्षाला गिऱ्हाइके अनेक असतात. परदेशी पाठवण्याजोगा माल निर्यातदार नेतो, उरलेला देशी बाजारात जातो, त्यातूनही राहिला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. मणी बारीक, बिया मोठ्या, साल जाड. बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. त्यातील साखर व आम्लता यांचा मेळ बसला की ठरावीक दिवसांतच तोडणी व्हावी लागते आणि माल लगोलग कारखान्यात पोहोचावा लागतो. म्हणजे पीक एक, वेळ एक आणि गिऱ्हाईकही एकच.

या ‘एकच’चा अर्थ आमच्या घराने 2010 साली अनुभवला. 2008 ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेले ओस पडली, वाइनची मागणी घटली आणि कारखान्यांच्या टाक्या जुन्या मालाने भरलेल्या राहिल्या. माझ्या मामांनी दिंडोरी तालुक्यात दोन एकर शिराझ लावली होती, तीही दीर्घ मुदतीच्या करारावर. त्या हंगामात कंपनीची गाडी आली नाही. मामा रोज सकाळी बांधावर जाऊन बसत. मणी वेलीवरच सुकले. पुढच्या वर्षी त्यांनी बाग तोडली. कर्जाचे हप्ते मात्र तोडता येत नव्हते. ते मामींच्या पाटल्यांतून फिटले. त्या काळात परिसरातील अनेकांनी अशा बागा काढून टाकल्या.

पुढे बँकेत आल्यावर मी तो करार मागवून वाचला. दर स्पष्ट होता, साखरेचे प्रमाण स्पष्ट होते, कमी प्रतीच्या मालाची कपातही स्पष्ट होती. खरेदीच्या कलमात मात्र ‘कंपनीच्या गरजेनुसार’ असे दोन शब्द होते. मुदत कर्जाची छाननी करताना आपण सातबारा, पाण्याची सोय, तारण सारे बारकाईने पाहतो. त्या दोन शब्दांपर्यंत तेव्हा कोणाची नजर गेली नसावी. मामांचीही नाही.

बेंगळूरुच्या उत्तरेस, नंदीच्या डोंगरात उगम पावणाऱ्या अर्कावतीच्या खोऱ्यात दोड्डबळ्ळापूर आहे. तेथे 1988 पासून ग्रोव्हर कुटुंबाने फ्रेंच जातींची लागवड केली. या कंपनीचे 2012 साली नाशिकच्या एका वाइन उद्योगाशी विलीनीकरण झाले, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. परंतु याच भागातील सामान्य शेतकऱ्याची भिस्त बेंगळूर ब्ल्यूवर राहिली. तिची वाइन उंची नव्हे, जाणकार नाक मुरडतात. तथापि ती खाण्यासाठी खपते, रसासाठी खपते, गोड वाइनसाठीही खपते आणि वर्षातून दोन बहर देते. एका दाराला कुलूप लागले तर दुसरे उघडे असते.

नाशिकची बाजू पुढे सावरली, त्यात पर्यटनाचा वाटा मोठा आहे. चाखण्याची दालने, द्राक्षबागेतील निवास, 2008 पासूनचा सुलाफेस्ट, शिवाय 2020 मध्ये रामसर यादीत आलेले नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, यांमुळे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची वाहने तिकडे वळतात. दारात आलेल्या पाहुण्याला विकलेल्या बाटलीवर मध्यस्थाचे कमिशन जात नाही. कारखान्याची रोख आवक जितकी नियमित, तितके शेतकऱ्याचे देयक वेळेवर. म्हणून कारखान्याचे पर्यटन हा शेतकऱ्याच्या कर्जप्रकरणातही पाहण्याचा विषय ठरतो.

अलीकडे दोड्डबळ्ळापूरजवळ अडीच एकर द्राक्षबाग असलेले आमचे एक खातेदार वाइनच्या जातींसाठी कर्जाची चौकशी करण्यास आले. मी प्रथम करारनामा मागितला. खरेदी बंधनकारक आहे की ऐच्छिक, माल न उचलल्यास भरपाई किती, देयक किती दिवसांत आणि पहिले पीक येईपर्यंत हप्त्यांना सवलत किती लागेल, एवढे आम्ही दोघांनी ओळीओळीने तपासले. खरेदीचे कलम त्यांनी कंपनीकडून बदलून आणले. आठवड्याने ते पुन्हा आले तेव्हा प्रस्ताव दीड एकराचाच होता. एक एकर बेंगळूर ब्ल्यू त्यांनी तशीच ठेवली होती.