सांधा आधी, गोंद नंतर

चि. ईशास,


एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग घेतलंस, फार आनंद झाला. सगळ्यात मजबूत गोंद कोणता, असं विचारलं आहेस. बाल्सा इतकं मऊ लाकूड, की नीट बसलेल्या सांध्यात साधा फेव्हिकॉलसुद्धा त्याच्याहून भक्कम ठरतो. तेव्हा सांध्याला धक्का बसणार का, त्यावर पुढे पॉलिश पेपर फिरवायचा आहे का, हे बघ.

त्याच्याही आधी फट बघ. दोन तुकडे जुळवून उजेडासमोर धर. मधून उजेड दिसला तर तुकडा पुन्हा घास, नाहीतर नवा काप. गोंदाने फट बुजवली की नुसतं वजन वाढतं, आणि ते शेपटीकडे वाढलं तर तोल साधायला नाकात त्याच्या कितीतरी पट शिसं भरावं लागतं.

पंखाच्या रिब्जना, म्हणजे आतल्या फासळ्यांना, फेव्हिकॉलच लाव. आराखड्यावर आधी प्लास्टिकचा कागद पसर, नाहीतर पंख आराखड्यालाच चिकटेल. रिबची टोकं गोंद पिऊन घेतात. म्हणून काडीने एक पातळ थर दे, तो सुकू दे, मग दुसरा थर देऊन जोड आणि टाचण्यांनी धरून ठेव. टाचण्या रात्रभर राहू देत. पावसाळ्यात तर आणखी वेळ दे. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पूस, कारण सुकल्यावर तो पॉलिश पेपरखाली रबरासारखा ओढला जातो.

फेविक्विकच्या जातीचा गोंद, ज्याला मॉडेलवाले सीए म्हणतात, घाई आहे म्हणून सगळीकडे वापरू नकोस. घट्ट बसलेल्या सांध्याच्या कडेला पातळ सीएचा एक थेंब टेकवला की तो आपोआप आत शिरतो, हा त्याचा गुण. पण तो ठिसूळ, आणि बाल्सापेक्षा कडक: घासताना लाकूड झिजतं, गोंदाची रेघ उभी राहते. सांडला तर कापसाने किंवा सुती फडक्याने मुळीच पुसू नकोस. कापसाशी गाठ पडली की तो एवढा तापतो की बोट भाजतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, खिडकीही उघडी ठेव.

दोन पंख मध्ये जुळतात तिथे मात्र अॅराल्डाइट, तेही सावकाश सुकणारं. सगळ्यात जास्त धक्का तिथेच बसतो. या गोंदाची गोष्टही ऐक. दुसऱ्या महायुद्धातलं लाकडी मॉस्किटो विमान सुरुवातीला दुधातल्या केसीनच्या गोंदाने जोडत. उष्ण, दमट हवेत तो टिकेना, म्हणून पुढे एरोलाइट हा कृत्रिम गोंद आला. इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या ज्या एरो रिसर्च कंपनीने तो काढला, तिनेच नंतर अॅराल्डाइट बाजारात आणलं. तू दुकानातून आणशील ती ट्यूब विमानांच्याच घराण्यातली आहे.

खरा पंख जोडण्याआधी टाकाऊ बाल्साचे दोन तुकडे जोडून दुसऱ्या दिवशी मोड. लाकूड तुटलं तर पुढे जा. गोंदाच्या रेघेवरच सुटलं तर ते तुकडे ठेवून दे, दिवाळीत आलो की दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा