काच, अतिशीतित द्रव आणि रेणूंची मांडणी

चिक्कीसाठी आटवलेला साखरेचा पाक ताटात ओतला असता त्वरित थिजतो व पारदर्शक, ठिसूळ बनतो. तीच साखर द्रावणातून सावकाश बाहेर पडू दिली, तर खडीसाखरेचे खडे मिळतात. खड्यात रेणू ठराविक अंतरावर, शिस्तीने बसलेले असतात. थिजलेल्या पाकात ते द्रवातल्याप्रमाणेच अस्ताव्यस्त असतात. अशा घनास शास्त्रात 'काच' म्हणतात.

गोठणबिंदूखाली नेऊनही ज्यात स्फटिक झाले नाहीत, तो अतिशीतित द्रव होय. तो जसजसा थंड होतो, तसतशी रेणूंची हालचाल मंदावते. अखेर त्यांना मांडणी बदलण्यास सवड उरत नाही व द्रवाची काच होते.

ऊर्जेच्या दऱ्या

रेणूंच्या प्रत्येक मांडणीस ठराविक ऊर्जा असते. या ऊर्जांचा नकाशा काढल्यास तो सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांसारखा दिसेल. दरी जितकी खोल, तितकी त्यातील काच स्थिर. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील श्रीकांत शास्त्री यांनी पाब्लो डेबेनेडेटी व फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. दोन प्रकारच्या कणांचे मिश्रण संगणकावर निरनिराळ्या वेगांनी थंड केले असता, सावकाश थंड केलेले मिश्रण अधिक खोल दरीत पोहोचते, असे त्यांस आढळले.

बाष्पापासून काच

परंतु फार खोल दरी गाठावयाची, तर द्रव वर्षानुवर्षे थंड करीत बसावे लागेल. यावर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क एडिगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली उपाय दाखविला. निर्वात पात्रात पदार्थाचे बाष्प करून ते थंड पट्टीवर हळूहळू बसविले. पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंहून मोकळे असल्यामुळे, पुढील थर येऊन पडण्यापूर्वी ते सोयीची जागा शोधतात. इंडोमेथॅसिन या औषधाची काच सुमारे ४२° सें. तापमानाला होते. पट्टीचे तापमान निरपेक्ष मापाने याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शून्याखाली सुमारे ५° सें., असता उत्तम काच मिळते. पट्टी फारच थंड असेल, तर पृष्ठभागावरील रेणूही जागीच खिळतात व काच कमी प्रतीची होते.

अशी काच अधिक घन असते व तापविल्यावर उशिरा वितळते. काही पदार्थांचे लांबट रेणू तीत विशिष्ट दिशेने कललेलेही आढळतात. म्हणजे स्फटिक नसूनही तीत काही शिस्त असते.

उपयोग

काचरूप औषध पाण्यात स्फटिकाहून लवकर विरघळते. मात्र साठवणीत त्याचे स्फटिक झाले, तर हा गुण नाहीसा होतो. प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पडद्यांचे पातळ थरही बाष्पापासूनच बनवितात व त्यांतील रेणूंच्या कलावर प्रकाशाचे प्रमाण अवलंबून असते. म्हणून काच कशाची आहे, एवढेच जाणून भागत नाही; ती कशी घडली, हेही पाहावे लागते.