सणाची भेट आणि करणाऱ्याचा हात

(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी परिसर, गणित व भाषा या विषयांचा संयुक्त पाठ)

सणासुदीला आप्तेष्टांना काही वस्तू देण्याची चाल आपल्या समाजात फार जुनी आहे. भाऊबीजेची ओवाळणी, संक्रांतीचे वाण, पंढरीहून परतलेल्या वारकऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलेला बुक्का व चुरमुरे ही सर्व त्याच चालीची रूपे होत. एके काळी खेड्यात अशी वस्तू कोणी केली हे विचारावे लागत नसे. पणती कुंभाराकडून, परडी बुरुडाकडून व घोंगडी सनगराकडून येई. घेणारा आणि करणारा एकमेकांस ओळखत. आज आठवड्याच्या बाजारातही भेटीचा तयार खोका मिळतो. तो कोठून आला व कोणाच्या हातून झाला, हे विकणाऱ्यासही पुष्कळदा ठाऊक नसते. वस्तू स्वस्त पडते, पण तिच्यामागील माणूस दृष्टीआड होतो. तो माणूस विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पुन्हा आणून द्यावा, हा या पाठाचा हेतू आहे.

कारागिराची कीव येऊन वस्तू घ्यावी असे येथे शिकवावयाचे नाही. कीव करून घेतलेली वस्तू एकदाच घेतली जाते. पारखून घेतलेली वस्तू पुन्हा पुन्हा घेतली जाते. म्हणून पाठाचा सारा भर पारखण्यावर असावा. त्यासाठी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : ही वस्तू कोठली? ती कोणी व कशाने केली? तिचे योग्य मोल किती?

पाठाचा काळ

खंडेनवमीस आपल्याकडे हत्यारे व अवजारे यांची पूजा होते. त्या दिवशी घरातील कोणती अवजारे पूजली, हे विद्यार्थ्यांना विचारून पाठास आरंभ करावा. कोणी विळा सांगेल, कोणी शिवणयंत्र, कोणी सुताराचा रंधा. त्या अवजाराने काय तयार होते, या प्रश्नावरून वस्तू आणि हात यांच्या नात्याकडे सहज वळता येते. दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी पाठाचा मुख्य भाग संपवावा. जानेवारीत सोलापुरास श्रीसिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा विद्यार्थ्यांनी यात्रेतील वस्तू याच तीन प्रश्नांनी पाहाव्यात; म्हणजे पाठाची उजळणी आपोआप होईल.

पहिला प्रश्न : वस्तू कोठली?

या प्रश्नासाठी आपल्या जिल्ह्यात सोलापुरी चादरीइतके चांगले उदाहरण नाही. ती बहुतेक घरांत असते. एका विद्यार्थ्यास घरून चादर आणावयास सांगावे व ती वर्गात उलगडावी. उभा धागा तो ताणा आणि आडवा धागा तो बाणा, हे प्रथम दाखवावे. नंतर चादर उलटी करावी. एका बाजूस जो रंग नक्षीचा आहे, तो दुसऱ्या बाजूस जमिनीचा झालेला दिसेल. नक्षी वरून छापलेली नसून विणीतच आहे, हे मुलांच्या ध्यानात अशाने चटकन येते.

ही नक्षी ज्या साधनाने उठते त्यास जॅकार्ड म्हणतात. फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास ते सिद्ध केले. जाड पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात. जेथे भोक असेल तेथील आकडा ताण्याचा धागा वर उचलतो. जेथे भोक नाही तेथील धागा खालीच राहतो. या दोहोंमधून बाणा जातो व ओळीमागून ओळ नक्षी उमटते. चौकटींच्या वहीत काही चौकटी भरून व काही कोऱ्या ठेवून मुलांनी फुलाची अगर मोराची नक्षी करावी. भरलेली चौकट म्हणजे भोक, असे सांगितले की जॅकार्डचे तत्त्व पाचवीच्या मुलासही कळते.

सोलापुरास हा व्यवसाय वाढविण्यात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या घरांत तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजारात कन्नड अशा तीन भाषा नांदल्या. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ सांगताना हे उदाहरण अवश्य द्यावे. जो येथे राहून येथील वस्तू घडवितो तो स्थानिक. त्याचे आजोबा कोठून आले, हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

सोलापुरी चादर व सोलापुरी टॉवेल यांना २००५-०६ या वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले. याविषयीचा कायदा १९९९ चा असून तो २००३ च्या सप्टेंबरात अंमलात आला. एखादे नाव एखाद्या भूप्रदेशाशी जोडलेले असेल, तर त्या प्रदेशाबाहेर केलेल्या मालास ते नाव लावता येत नाही, असा त्याचा आशय आहे. असे असूनही अन्य राज्यांत हलक्या सुतापासून विणलेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जातात. घेणाऱ्याने नाव ऐकले, पण ती कोठे विणली हे विचारले नाही, म्हणजे या व्यवहाराला वाव मिळतो. कायदा विणकराच्या बाजूस आहे. परंतु दुकानात उभा राहून प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक त्याच्या बाजूस नसेल, तर कायद्याचे बळ तोकडे पडते.

दुसरा प्रश्न : कोणी व कशाने केली?

येथे शिक्षकाने विशेष सावध राहावे. सोलापुरी चादर म्हणजे हातमागाची चादर, असा समज पुष्कळांचा आहे. वस्तुतः आज सोलापूरच्या चादरी व टॉवेल बहुतांशी यंत्रमागावर होतात. मानांकन वस्तूचे स्थान सांगते, हात सांगत नाही. यंत्रमागावर उभा राहून काम करणाऱ्याचे श्रम काही कमी नव्हेत आणि त्याची वस्तू घेण्यात कमीपणाही नाही. मात्र जी वस्तू यंत्राने केली तिला हाताची म्हणणे असत्य होय. असे असत्य शिक्षकाच्या तोंडून गेले, तर खऱ्या हातमागवाल्याचेच नुकसान होते. कारण त्याच्या मंद, कष्टाच्या कामाची तुलना यंत्राच्या वेगाशी होऊ लागते. हातमागाच्या कापडासाठी भारत सरकारने २००६ पासून हातमाग चिन्ह दिलेले आहे; ते पाहण्यास विद्यार्थ्यांस शिकवावे. सोलापुरात आजही हातमागावर विणलेली भित्तिचित्रे होतात. देवदेवतांच्या व थोर पुरुषांच्या आकृती त्यांत धाग्यांनीच उठविलेल्या असतात. ती खरोखर हाताची भेट होय.

ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांस अधिक जवळचे उदाहरण घोंगडीचे. सांगोला व मंगळवेढा या बाजूच्या शाळांत तर मेंढ्या पाहिल्या नाहीत असे मूल सापडावयाचे नाही. दख्खनी मेंढीची लोकर कातरतात, ती निवडून पिंजतात आणि धनगरांच्या स्त्रिया ती चरख्यावर कातून सूत काढतात. पुढचे काम सनगराचे. तो ताणा लावतो आणि त्यास चिंचोक्याची खळ कुंच्याने देतो. खळीने सूत ताठ होते व विणताना तुटत नाही. मग मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो धोटा फेकीत घोंगडी विणतो. काळा, पांढरा व करडा हे रंग मेंढीच्या अंगचेच असतात. त्यांस रंगाऱ्याची जरुरी नाही. मेंढी, चिंच, लाकूड आणि माणूस अशा चार गोष्टी एका गावच्या शिवारात एकत्र येऊन ही वस्तू होते. पावसात मेंढपाळाच्या खांद्यावर आणि थंडीत त्याच्या अंगाखाली ती वर्षानुवर्षे टिकते.

आज हा धंदा क्षीण होत चालला आहे व त्याची कारणे मुलांपुढे उघडपणे ठेवावीत. दख्खनी लोकर राठ असल्याने मऊ कापड करणाऱ्या गिरण्यांस ती चालत नाही. कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट स्वस्त मिळते. लोकरीस भाव नसल्याने पुष्कळ ठिकाणी कातरण्याची मजुरीही सुटत नाही. ज्या कामात पोट भरत नाही त्या कामात मुलगा राहत नाही, हे उघड आहे. यात त्या मुलाचा दोष नाही. घोंगडी टिकावयाची तर तिला गिऱ्हाईक हवे. नुसते कौतुक पुरणार नाही.

धाग्याची पारख दाखविण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. तो शिक्षकानेच, उघड्यावर, चिमट्यात धागा धरून व जवळ पाण्याचे भांडे ठेवून करावा. मुलांस करू देऊ नये. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ करडी राख राहते. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो. कृत्रिम धागा वितळतो व थंड झाल्यावर त्याची कठीण गोळी बनते. सुती म्हणून घेतलेल्या वस्तूतून गोळी निघाली, तर आपण काय घेतले हे मुलांस वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरा प्रश्न : योग्य मोल किती?

हा भाग गणिताच्या तासास घ्यावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. शिक्षकांनी आपल्या गावचे चालू दर विचारून ते बदलावेत.

एका बुरुडाने एका बांबूपासून चार परड्या केल्या. बांबूची किंमत १०० रुपये. कामास दीड दिवस लागला. दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली, तर एका परडीचा खर्च किती?

बांबूचे १०० व मजुरीचे ६०० मिळून ७०० रुपये होतात. म्हणून एका परडीस १७५ रुपये खर्च आला. आता गिऱ्हाइकाने घासाघीस करून परडी १०० रुपयांस मागितली असे समजा. चार परड्यांचे ४०० रुपये आले, त्यांतून बांबूचे १०० गेले, राहिले ३००. दीड दिवसाचे ३०० म्हणजे दिवसाचे २०० रुपये. ७५ रुपये वाचले या आनंदात घरी गेलेल्या गिऱ्हाइकाने त्या माणसाची अर्धी मजुरी नेली, हे फळ्यावरच्या आकड्यांतून मुलांना दिसावे. हेच गणित उलट बाजूनेही घालावे : विकणाऱ्याने परडीस ४०० रुपये मागितले, तर ते वाजवी काय? म्हणजे योग्य मोल दोन्ही पक्षांस बांधते, हे कळेल.

कारागिराची भेट व भेटीची चिठ्ठी

गावात अथवा जवळच्या गावी कुंभार, बुरुड, सुतार, विणकर यांपैकी कोणी काम करीत असल्यास त्यांना शाळेत पाहुणे म्हणून बोलवावे. त्यांच्या कामाचा दिवस मोडतो याची जाणीव ठेवून शाळेने यथाशक्ती मानधन द्यावे. मुलांनी आधीच प्रश्न लिहून ठेवावेत : माती कोठून आणता? पणती किती दिवस वाळवावी लागते? आव्यात किती भांडी फुटतात? कोणत्या महिन्यात काम अधिक असते? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. कुंभारास दिवाळीच्या पणत्या व संक्रांतीची सुगडे यांवर वर्षाचा बराच आधार असतो. त्याच हंगामात बाहेरच्या तयार मालाचे ढीग बाजारात येतात.

यानंतर भाषेच्या तासास ‘भेटीची चिठ्ठी’ लिहून घ्यावी. वस्तू कोणती, कोणत्या गावी झाली, कशापासून व कोणत्या साधनाने झाली आणि करणाऱ्याची अनुमती असल्यास त्याचे नाव, एवढे चार-पाच ओळींत शुद्धलेखनासह लिहावे व ती चिठ्ठी भेटीबरोबर द्यावी. दोन रुपयांच्या पणतीसही अशी चिठ्ठी जोडता येते. भेट घेणाऱ्यास वस्तूबरोबर एका माणसाची ओळख मिळते.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

१. कोणत्याही विद्यार्थ्यास वस्तू विकत घेण्याची सक्ती करू नये अथवा वर्गणी गोळा करू नये. पारखता येणे हा पाठ आहे, खरेदी नव्हे. ज्या घरी खरेदीस पैसा नाही तेथील मुलाने स्वतः केलेला आकाशकंदील ही उत्तम भेट होय.

२. कारागिराचे मूल वर्गात असल्यास त्याला जातीच्या नावाने पुढे करू नये. त्याच्या घरचे ज्ञान मानाने वर्गापुढे यावे, पण त्याने तोच धंदा करावा असा सूर निघू नये. कुंभाराच्या मुलीने वैद्य व्हावे आणि शिक्षकाच्या मुलाने चाक फिरवावे, यातही कलेचे काही बिघडत नाही.

३. मुलाने शाळा बुडवून घरी माग चालविला, तर त्याचे कौतुक करू नये. हस्तकौशल्य शाळेच्या वेळेच्या मोलाने यावयाचे नाही.

स्वाध्याय

१. घरातील कोणत्याही पाच वस्तू घेऊन त्या कोठल्या, कोणी व कशाने केल्या, याचा तक्ता करा. ज्यांचे उत्तर मिळत नाही तेथे रकाना कोरा ठेवा.
२. भौगोलिक मानांकन व हातमाग चिन्ह यांतील फरक सांगा.
३. घोंगडीस खळ का देतात?
४. आपल्या गावात पूर्वी होत असलेली, पण आता होत नसलेली एक वस्तू वडीलधाऱ्यांस विचारून तिच्याविषयी दहा ओळी लिहा.

उपसंहार

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण द्यावे हा विचार महात्मा गांधींनी मांडला. त्याच्याही आधी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यास स्वदेशीची घोषणा झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार आढळले व त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. एवढ्या मोठ्या संख्येचा भार एका शाळेने उचलावयाचा नाही. पहिल्या स्वाध्यायाच्या तक्त्यातील कोरे रकाने मात्र शाळेच्या आवाक्यातील आहेत. ते वर्षअखेर पुन्हा तपासावेत. त्यांतील दोन-तीन जरी विद्यार्थ्यांनी स्वतः चौकशी करून भरलेले आढळले, तरी पाठ सफल झाला असे समजावे.