हद्दपार पूर्वजांचा माग



बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची आठवण आपल्याला बहुधा लग्नाचा दाखला काढताना होते. घरदार गमावलेल्या एका समाजाला मात्र अशाच वह्यांनी आपली माणसे परत मिळवून दिली. हा समाज म्हणजे अकेडियन.

सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेले हे कॅथलिक शेतकरी आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियात वसले. पुढे तेथे ब्रिटिश सत्ता आली. बिनशर्त निष्ठेची शपथ त्यांनी नाकारली, तेव्हा त्यांच्या हद्दपारीचे ठरले. ५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्रां-प्रे येथील पुरुषांना व दहा वर्षांवरील मुलग्यांना चर्चमध्ये बोलावून तो हुकूम वाचून दाखवण्यात आला. जहाजांतून त्यांची पांगापांग झाली. कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली.

अशा पूर्वजाचा शोध कसा घ्यावा?

१. शेवटाकडून सुरुवात करावी. कुटुंब जेथे स्थिरावले, मग ते लुईझियाना असो वा क्वेबेक, तेथील विवाहनोंद प्रथम पाहावी. तीत बहुधा वधूवरांच्या आईवडिलांची नावे मिळतात.

२. मग मूळ गावाकडे वळावे. पोर्ट रॉयलच्या १७०२ ते १७५५ च्या वह्या नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागारात आहेत. ग्रां-प्रेच्या १७०७ ते १७४८ च्या वह्या हद्दपार लोकांबरोबर लुईझियानात पोहोचल्या. आज त्या बॅटन रूज धर्मप्रांताकडे आहेत.

३. नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे समजू नये. एकाच गावात एकाच नावाचे अनेक जण असत. आईवडील, धर्ममातापिता आणि १६७१ व १६८६ ची जनगणना ताडून पाहावी.

४. वही नसेल तेथे साक्ष शोधावी. १७६५ मध्ये ७८ अकेडियन कुटुंबे फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली. जुने दाखले हाती नसल्याने १७६७ मध्ये कुटुंबप्रमुखांनी शपथेवर आपली वंशावळ सांगितली: आजी-आजोबा कोण, लग्न कोठे झाले, कोण कोठे वारले, भावंडे कोणत्या देशी गेली. हे सारे त्यांनी आठवणीतून सांगितले.

शेते गेली, घरे जळाली, पण आजोबांचे नाव त्यांनी विसरू दिले नाही. म्हणूनच आज त्यांचे वंशज आपल्या मुळापर्यंत पोहोचू शकतात.

आपणही बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद करताना नावे व गाव नीट सांगू या. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आजी-आजोबांची नावे विचारून आजच लिहून ठेवू या.